नंबर सांगितला तर नोंद मिळते, पण "पाचवीतल्या मुली दाखव" हे कसं विचारायचं?



आपल्यातले बरेच तंत्रस्नेही शिक्षक आता स्वतःच्या शाळेपुरतं छोटं अ‍ॅप बनवू लागले आहेत. एमआयटी अ‍ॅप इन्व्हेंटरमध्ये रंगीत ठोकळे एकमेकांत अडकवले की हजेरीचं किंवा मुलांच्या माहितीचं अ‍ॅप चार-आठ दिवसांत उभं राहतं. माहिती साठवायला त्यात 'टायनीडीबी' नावाचा घटक असतो. इथपर्यंत मजा येते. मग एक दिवस असं होतं की एका मुलाची माहिती मागितली तर लगेच मिळते, पण "पाचवीतल्या मुली दाखव" म्हटलं की अ‍ॅप गप्प! असा प्रश्न विचारायचा ठोकळाच टायनीडीबीत नाही. बऱ्याच जणांना वाटतं आपलं काहीतरी चुकलं. तसं नाही. त्या डब्याची रचनाच तशी आहे. ती एकदा समजली की असे प्रश्न त्याच्याकडूनही सोडवून घेता येतात, फक्त कष्ट वेगळ्या वेळी करावे लागतात.

ही रचना आपल्याला नवीन नाही. आपल्या कपाटातलं जनरल रजिस्टर आठवा. प्रत्येक मुलाला एक नंबर, आणि त्या नंबरापुढे नाव, आईचं नाव, जन्मतारीख, जन्मस्थळ, प्रवेशाची तारीख, शाळा सोडल्याची तारीख आणि शेरा. माजी विद्यार्थी दाखला मागायला आला आणि त्याला नंबर माहीत असेल तर दोन मिनिटांत नोंद सापडते. नंबर माहीत नसेल तर? "साधारण नव्वद-ब्याण्णव साली होतो सर, आडनाव पवार." झालं, पानं उलटत बसा.

टायनीडीबी म्हणजे हेच रजिस्टर. एका बाजूला नंबर, दुसऱ्या बाजूला माहिती. याला की-व्हॅल्यू डेटाबेस म्हणतात. मराठी वाक्यात 'की' लिहिलं तर वाचताना घोटाळा होतो, म्हणून मी 'चावी' म्हणते. टायनीडीबीत चावीला 'टॅग' असं नाव आहे. 'स्टोअर व्हॅल्यू' हा ठोकळा टॅगखाली माहिती ठेवतो आणि 'गेट व्हॅल्यू' टॅग दिला की ती परत आणतो. 'गेट टॅग्ज' सगळ्या चाव्यांची यादी देतो. बाकी ठोकळे मुख्यतः पुसण्याचे. डब्यात काय ठेवलंय हे डबा स्वतः वाचत नाही. त्याच्या दृष्टीने 'इयत्ता पाचवी' ही फक्त आत ठेवलेली अक्षरं.

दुसऱ्या प्रकारचा डेटाबेस तक्त्यांचा. १९७० साली आयबीएममध्ये काम करणाऱ्या एडगर कॉड यांनी ही कल्पना मांडली. माहिती तक्त्यांत ठेवा, प्रश्न काहीही विचारा, उत्तरापर्यंत कोणत्या वाटेने जायचं ते यंत्र बघेल. यातूनच पुढे एसक्यूएल ही भाषा आली. तिथे मुलांचा एक तक्ता, पालकांचा दुसरा, आणि दोन्ही जोडून "पाचवीतल्या मुलींच्या पालकांचे मोबाईल नंबर दे" असं एका वाक्यात विचारता येतं. या जोडण्याला जॉइन म्हणतात.

मग हा गप्प बसणारा डबा हवाच कशाला, असं तुम्ही विचाराल. कारण तो साधा आणि वेगवान असतो, आणि पुष्कळ कामांत माहिती फक्त नंबरानेच मागितली जाते. अ‍ॅमेझॉनने २००७ मध्ये आपल्या 'डायनॅमो' या साठवणीवर शोधनिबंध प्रसिद्ध केला, त्यातला मुद्दा हाच होता. ग्राहकाची खरेदीची टोपली उघडायला ग्राहकाचा क्रमांक पुरतो, तिथे तक्ते जोडायची गरजच नसते.

आपली गरज मात्र टोपलीपेक्षा थोडी जास्त आहे. तेव्हा सुरुवात चावीपासून करू.

पहिला निर्णय: चावी कशाची करायची?

नाव नको. एका शाळेत तीन आरोही असतात. शिवाय मराठीत एकच अक्षर दोन प्रकारे टाइप होऊ शकतं. 'सूर्याजी'मधला र्य आणि 'दऱ्या'मधला ऱ्य वेगळे दिसतात हे आपल्याला माहीत आहे, पण हा दुसरा ऱ्यसुद्धा संगणकाच्या आत दोन वेगवेगळ्या पद्धतींनी लिहिला जातो. डोळ्याला फरक दिसत नाही, यंत्राला मात्र त्या दोन वेगळ्या चाव्या वाटतात. अंकांचंही तेच. इंग्रजी अंकात टाइप केलेला १०४२ आणि मराठी अंकातला १०४२ टायनीडीबीसाठी वेगवेगळे. म्हणून अ‍ॅपात अंक कुठल्या लिपीत घ्यायचे ते पहिल्याच दिवशी ठरवा.

हजेरी क्रमांकही नको, तो दरवर्षी बदलतो. जनरल रजिस्टरचा नंबर मात्र मुलाला एकदाच मिळतो, तो मूल शाळेत असेपर्यंत बदलत नाही आणि नंतर दुसऱ्या कुणाला दिला जात नाही. तीच खरी चावी. तिच्यापुढे एक शब्द लावायचा: 'मूल:१०४२'. हा शब्द लावल्यामुळे त्याच डब्यात इतर प्रकारच्या नोंदीही सुखाने राहतात. 'कुटुंब:१७' ही दुसऱ्या प्रकारची नोंद, तिच्यात पालकांची नावं, वस्ती आणि मोबाईल.

आता मुलाच्या नोंदीत 'कुटुंब १७' एवढंच लिहायचं. पालकांचा मोबाईल हवा असेल तर आधी 'मूल:१०४२' आणायचं, त्यातून १७ काढायचा, मग 'कुटुंब:१७' आणायचं. झाला जॉइन! फक्त तो यंत्राऐवजी आपण दोन पावलांत केला.

कुणी म्हणेल, दोन पावलं कशाला, मोबाईल नंबर प्रत्येक मुलाच्या नोंदीतच लिहून टाकू. पालकहो, इथे तुमचा संबंध येतो. नवं सिमकार्ड घेतलं की नंबर बदलतो. एका घरातली तीन भावंडं शाळेत असतील तर तो तीन ठिकाणी बदलावा लागेल, आणि एक जागा हमखास राहील. मग मुलगी आजारी पडल्यावर शाळेतून फोन जातो तो बंद नंबरावर. जे बदलतं ते एकाच जागी ठेवावं. याला एक अपवाद आहे. गेल्या वर्षीच्या हजेरीसोबत 'इयत्ता चौथी' असं लिहून ठेवलं तर ती नक्कल चुकीची नाही. मूल आज पाचवीत असलं तरी तेव्हा ते चौथीतच होतं, आणि जुन्या हजेरीत तेच दिसायला हवं. तेव्हाची गोष्ट नोंदवायची असेल तर नक्कल करा, आत्ताची असेल तर करू नका.

आता "पाचवीतल्या मुली"

याला दोन वाटा आहेत. पहिली अगदी सरळ: 'गेट टॅग्ज'ने सगळ्या चाव्या आणायच्या, 'मूल:'ने सुरू होणाऱ्या निवडायच्या, एकेक नोंद उघडायची आणि पाचवी व मुलगी असेल तर नाव घ्यायचं. म्हणजे पूर्ण रजिस्टर उलटायचं. ८७ पटाची शाळा असेल तर माझं स्पष्ट मत आहे, हेच करा. ८७ नोंदी उलटायला फोनला कष्ट पडत नाहीत. विनाकारण हुशारी केली की ती सांभाळायला लागते.

पण हजेरी त्याच डब्यात आली की चित्र बदलतं. प्रत्येक मुलाची प्रत्येक दिवसाची वेगळी नोंद केली तर ८७ मुलं गुणिले २०० दिवस म्हणजे १७,४०० चाव्या. आता दर वेळी एवढा ढीग उपसून त्यातून ८७ चाव्या वेगळ्या करायच्या! इथे दुसरी वाट लागते: आधीच वेगळी यादी करून ठेवायची. जुन्या काळी काही शाळांमध्ये जनरल रजिस्टरसोबत आडनावाप्रमाणे सूची ठेवत असत, तसंच. 'इयत्ता:५' ही चावी, आणि तिच्याखाली पाचवीतल्या मुलांचे नंबर. 'मुली' ही दुसरी चावी, तिच्याखाली सगळ्या मुलींचे नंबर. पाचवीतल्या मुली म्हणजे या दोन्ही याद्यांत असलेले नंबर. आपण गणितात शिकवतो तो छेदसंच! अ‍ॅप इन्व्हेंटरमध्ये लहान यादीतला एकेक नंबर घ्यायचा आणि तो मोठ्या यादीत आहे का ते 'इज इन लिस्ट' या ठोकळ्याने बघायचं. रेडिस नावाच्या की-व्हॅल्यू डेटाबेसमध्ये तर दोन संचांचा छेद काढायची तयार आज्ञाच आहे. अ‍ॅप इन्व्हेंटरमधला 'क्लाउडडीबी' हा घटक मागे रेडिसच वापरतो.

इथे एक छोटी अडचण येते आणि तिथे बरेच जण कंटाळून सोडून देतात. यादी अजून तयारच नसेल तर 'गेट व्हॅल्यू' काय परत देतो? ठोकळ्यात आपण जे ठेवू ते. सुरुवातीला तिथे रिकामा मजकूर असतो, आणि मजकुरात यादीसारखा नंबर घालायला गेलं की अ‍ॅप चूक दाखवतं. त्या जागी रिकाम्या यादीचा ठोकळा लावा. आणि नंबर घालण्याआधी तो यादीत आहे का ते बघा, नाहीतर एकच मूल दोनदा दिसतं.

हजेरीची चावी ठरवताना थोडं थांबा, कारण तिथे प्रश्न आधी ठरवावा लागतो. 'हजेरी:१०४२:२०२४-०७' अशी चावी केली, म्हणजे मुलाचा नंबर आणि महिना, तर जून ते एप्रिल ११ महिन्यांच्या ९५७ नोंदी होतात आणि "ही मुलगी जुलैमध्ये किती दिवस आली?" याचं उत्तर एका पावलात मिळतं. 'गैरहजर:२०२४-०७-१५' अशी केली तर "आज कोण आलं नाही?" हे एका पावलात. एका चावीने दोन्ही प्रश्न सुटत नाहीत. रोज सकाळी विचारायचा प्रश्न आणि महिनाअखेरचा प्रश्न यांत तुमच्यासाठी कोणता मोठा ते तुम्हीच ठरवा. मी दिवसाची चावी घेईन. महिन्याचा हिशोब महिन्यातून एकदाच लागतो, तेव्हा पंचवीस-सव्वीस याद्या उलटता येतात. तारीख लिहिताना वर्ष आधी, मग महिना, मग दिवस, आणि जुलै म्हणजे '७' नव्हे '०७'. असं केलं की चाव्या अक्षरक्रमाने लावल्या तरी तारखेच्या क्रमानेच लागतात.

यादी खोटी पडते तेव्हा

आता खऱ्या काळजीचा भाग. तक्त्यांच्या डेटाबेसमध्ये अशी सूची केली तर ती अद्ययावत ठेवायचं काम यंत्र करतं. टायनीडीबीत यादी ही आपण ठेवलेली आणखी एक नोंद असते. मूळ नोंद बदलली की यादी आपोआप बदलत नाही.

असं समजा, पाचवीतल्या एका मुलीचे आईवडील दिवाळीनंतर ऊसतोडीला गेले आणि ती त्यांच्यासोबत गेली. अ‍ॅपात तिची स्थिती 'स्थलांतरित' केली, आणि अ‍ॅपने तिचा नंबर 'इयत्ता:५' मधून काढला. बरोबरच आहे. काही आठवड्यांनी तिला आजीकडे परत पाठवलं. ती शाळेत आली, कुणीतरी माहितीच्या पानावर जाऊन स्थिती पुन्हा 'हजर' केली. पण ते पान बनवताना यादीत नंबर परत घालायचा ठोकळा जोडलेलाच नव्हता. आता तिचा नंबर टाइप करा, नोंद अगदी स्वच्छ दिसते. "पाचवीतल्या मुली" विचारा, ती नाही. मागासवर्गीय मुलींसाठीची सावित्रीबाई फुले शिष्यवृत्ती पाचवीपासून आहे, आणि तिचा प्रस्ताव आपण याच यादीवरून तयार केला तर? मुलगी वर्गात समोर बसलेली असते, कागदावर मात्र नसते. आणि कुणाला संशयही येत नाही, कारण अ‍ॅपने कुठलीच चूक दाखवलेली नसते.

म्हणून दोन चुकांमधला फरक ध्यानात घ्यायला हवा. यादीत एखादं नाव जास्तीचं आलं तर ते डोळ्याला दिसतं, विचारता येतं. गळालेलं नाव दिसत नाही. तेव्हा काम अशा क्रमाने करायचं, की मध्येच फोन बंद पडला तरी फार तर नाव जास्तीचं राहावं, गळू नये. मूल चौथीतून पाचवीत जाताना आधी 'इयत्ता:५' मध्ये नंबर घाला. मग मूळ नोंदीत पाचवी लिहा. सर्वांत शेवटी 'इयत्ता:४' मधून नंबर काढा. उलट क्रमाने केलं, आधी काढलं आणि तेवढ्यात बॅटरी संपली, तर मूल कुठल्याच यादीत नाही.

या क्रमात कधी कधी एक मूल दोन्ही याद्यांत राहील. त्यावर उपाय वाचताना करायचा. यादीतून नंबर घेतला की त्याची मूळ नोंद उघडून इयत्ता खरंच तीच आहे का, मूल हजर आहे का ते तपासायचं. नसेल तर ते नाव सोडून द्यायचं. यादी फक्त "इथे बघ" असं सांगते, खरं काय ते मूळ नोंद सांगते.

आणि हे सगळं अ‍ॅपात एकाच ठिकाणी लिहा. अ‍ॅप इन्व्हेंटरमध्ये 'प्रोसिजर' नावाचा ठोकळा आहे. 'मूल जतन कर' अशी एक प्रोसिजर बनवा, आणि प्रवेश, दुरुस्ती, स्थलांतर, परत येणं, दाखला देणं, कुठलंही पान असो, जतन करायला त्यातूनच जायचं. वरच्या मुलीचं नाव गळालं ते दुरुस्तीच्या पानाने परस्पर 'स्टोअर व्हॅल्यू' वापरल्यामुळे.

एवढं करूनही एक बटण ठेवाच: 'याद्या नव्याने तयार कर'. ते सगळ्या याद्या पुसतं, 'मूल:'च्या सगळ्या नोंदी एकेक करून वाचतं आणि याद्या पुन्हा लिहितं. मूळ नोंदी शाबूत असतील तर याद्या कधीही परत बनवता येतात, उलट मात्र होत नाही. हे बटण कधी दाबायचं? आपण महिनाअखेर पट जुळवतोच. पहिली ते सातवीच्या याद्यांची बेरीज करा आणि 'हजर' असलेल्या मूळ नोंदी मोजा. आकडे जुळले नाहीत की दाबा. जुळले तरीही शिष्यवृत्तीची किंवा गणवेशाची यादी काढण्याआधी एकदा दाबा. अशा वेळी दोन सेकंद जास्त गेले तर काय बिघडलं?

सहावी-सातवीच्या मुलांना हे दाखवायचं असेल तर संगणकही लागत नाही. प्रत्येक मुलाची एक चिठ्ठी करा, वर नंबर, आत नाव, इयत्ता, वस्ती. चिठ्ठ्या नंबराप्रमाणे डब्यात लावा. एकाला डबा सांभाळायला बसवा, बाकीच्यांनी प्रश्न विचारायचे. नंबराचे प्रश्न झटपट सुटतात, "माळवस्तीवरचे कोण?" म्हटलं की डबेवाल्याची धांदल उडते. मग मुलंच सुचवतात की वस्तीची वेगळी यादी करू. यादी झाली की गुपचूप एका चिठ्ठीवरची वस्ती बदला आणि पुन्हा तोच प्रश्न विचारायला सांगा. भांडण सुरू होतं, यादी खरी की चिठ्ठी खरी. त्या भांडणात तास छान जातो.

हा डबा कधी वापरू नये तेही सांगते. दुपारी दीड वाजता ग्रुपवर मेसेज येतो, "अमुक वयोगटातील, तमुक प्रवर्गातील, आधार नसलेली मुले, वस्तीनिहाय, तीन वाजेपर्यंत." हा प्रश्न कुणी आधी कळवलेला नसतो, त्यामुळे त्याची यादीही तयार नसते. आपलं अ‍ॅप मुख्यतः अशा फर्मानांसाठी असेल तर तक्त्यांचा रस्ता धरा. एक्सेलसारख्या तक्त्यात चाळणी लावून पाच मिनिटांत काम होतं. माहिती जास्त असेल तर एसक्यूएलाइट आहे, ते अँड्रॉइड फोनमध्ये आधीपासूनच असतं, पण अ‍ॅप इन्व्हेंटरच्या नेहमीच्या घटकांत ते मिळत नाही, त्यासाठी बाहेरून जोड घ्यावी लागते. ठरलेले चार-पाच प्रश्न रोज विचारायचे असतील, इंटरनेट नसलेल्या वस्तीशाळेत चालवायचं असेल, तर टायनीडीबी पुरेसं आहे.

टायनीडीबीची माहिती त्या एकाच फोनमध्ये, त्या एकाच अ‍ॅपापुरती राहते. अ‍ॅप काढून टाकलं की माहितीही गेली. 'कंपॅनियन'वर तपासणी करत असाल तर तिथे तुमची सगळी अ‍ॅप्स एकच टायनीडीबी वापरतात. हजेरीच्या अ‍ॅपातल्या चाव्या प्रश्नमंजूषेच्या अ‍ॅपात दिसल्या तर घाबरू नका, अ‍ॅप फोनमध्ये स्वतंत्र बसवल्यावर हा प्रकार थांबतो. मुलांचे आधार क्रमांक मात्र अशा घरगुती अ‍ॅपात ठेवू नका, कितीही सोयीचं वाटलं तरी. आणि कपाटातलं जनरल रजिस्टर बंद करायचं नाही. अ‍ॅपातली मूळ नोंद चुकली आहे की काय अशी शंका आली, तर १०४२ नंबरचं पान उघडून बघता आलं पाहिजे.